सबवूफर, घरी बांधलेला (खानदेश)

होम थिएटरमधील सुमारे २० ते १२० हर्ट्झपर्यंतचा खर्ज ऐकवणारा, स्वतंत्र पेटीतला ध्वनिक्षेपक. बोलण्यात ‘वूफर’ किंवा नुसता ‘बास’.

पेटीच्या उगमाबाबत एकवाक्यता नाही. छिद्राच्या (पोर्टच्या) पेटीचे पेटंट बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले. बंद पेटीचे श्रेय सहसा एडगर विलचर (१९५४) यांना देतात. पण हॅरी ऑल्सन यांचे पेटंट त्याआधीचे असल्याने विलचर यांचा हक्क न्यायालयात टिकला नाही. कल्पनेचे प्राथम्य ऑल्सन यांचे मानणे अधिक सयुक्तिक, मात्र ती घराघरांत नेली विलचर यांनी. स्वतंत्र सबवूफर १९६० च्या दशकातला.

घरी बांधणे शक्य झाले ते नेव्हिल थील (१९६१) आणि रिचर्ड स्मॉल (१९७२-७३) यांच्या गणितामुळे. ड्रायव्हरसोबतच्या (पेटीत बसवायच्या, पडदा व कॉइल असलेल्या ध्वनिक्षेपकासोबतच्या) कागदावरील एफएस (त्याचा स्वतःचा अनुनाद), क्यूटीएस (त्या अनुनादाचे एकूण दमन दाखवणारा आकडा) आणि व्हीएएस (पडद्याच्या लवचिकतेएवढी लवचिक असणाऱ्या हवेचे आकारमान) या तीन आकड्यांवरून पेटी ठरते. उदा., ३० हर्ट्झ, ०.४ आणि ६० लिटर असल्यास सपाट प्रतिसादासाठी (पेटीत बसवल्यावरचा क्यू ०.७०७) बंद पेटी सुमारे २८ लिटरची लागते व तिचा अनुनाद ५३ हर्ट्झवर येतो. हे लिटर आतले आहेत. ड्रायव्हरने आणि आधाराच्या पट्ट्यांनी व्यापलेली जागा वेगळी धरावी लागते.

खानदेशातला उन्हाळा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून तापमानाचा विचार येथे अटळ आहे. २० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४५ अंशांना ३५७ मीटर. पोर्टच्या पेटीचा अनुनाद या वेगाच्या प्रमाणात सरकतो. ३० हर्ट्झची पेटी ३१ च्या पुढे जाते. बंद पेटीतील हवेचा ताठपणा मात्र दाबावर अवलंबून असतो, तापमानावर जवळजवळ नाही. पोर्टमधला हा फरक कानाला क्वचितच कळेल. खरी हानी कॉइल (ड्रायव्हरमधील तांब्याच्या तारेचे वेटोळे) तापल्याने होते: तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल १०० अंशांनी तापली की आवाज सुमारे तीन डेसिबलपर्यंत बसतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठा ड्रायव्हर घेऊन तो कमी आवाजात वाजवणे शहाणपणाचे.

पेटीला १८ मिलिमीटर एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेली फळी) किंवा प्लाय वापरतात. एमडीएफच्या उघड्या कडा पावसाळ्यात फुगतात. त्या सील कराव्यात. सागवान सुंदर खरे, पण अखंड फळी ऋतूमानाने आकसते-फुगते आणि सांधे उघडतात. बंद पेटीला बारीकशी गळतीही चालत नाही.

पत्र्याच्या खोलीत छत थरथरते. धाब्याच्या घरातील जाड मातीच्या भिंती आणि मातीचे छत तसे करत नाहीत. मात्र १० × १२ फुटांच्या कोणत्याही खोलीत ४७ आणि ५६ हर्ट्झच्या आसपास स्थिर तरंग उठतात, म्हणून एका कोपऱ्यात घुमणारा बास दुसरीकडे गायब होतो. जागा ठरवायला वूफर तात्पुरता बैठकीच्या जागी ठेवून स्वतः भिंतीच्या कडेने रांगत ऐकावे. बास जिथे एकसारखा लागेल तिथे पेटी मांडावी.