बाहुलीनाट्य आणि व्यंगचित्रकला : परस्परसंबंध

बाहुलीनाट्य (कळसूत्री, हातबाहुल्या, काठीबाहुल्या, छायाबाहुल्या) आणि व्यंगचित्रकला (राजकीय व्यंगचित्र, अर्कचित्र, चित्रमालिका) या दोन कलांमध्ये पात्रकल्पना, अतिशयोक्ती आणि उपहास यांबाबत झालेली देवघेव. स्थूलमानाने पाहता एकोणिसाव्या शतकात बाहुल्यांच्या मंचावरील पात्रे नियतकालिकांत आली, तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंगचित्रकारांनी रेखाटलेले चेहरे बाहुल्या होऊन दूरचित्रवाणीवर गेले. चित्रे दाखवत कथा सांगणाऱ्या चित्रकथीसारख्या परंपरेत चित्रमाला आणि बाहुल्या एकाच कलावंतांच्या हाती असल्या, तरी तिचा आशय प्रामुख्याने पौराणिक आख्यानाचा आहे. तिला व्यंगचित्राचे पूर्वरूप मानणे सयुक्तिक वाटत नाही.

दोन्ही कलांपुढचा पेच एकच असतो. बाहुलीचा चेहरा घडवतानाच त्याचा भाव कायमचा ठरून जातो आणि व्यंगचित्रकाराला एका चौकटीत एकच क्षण मिळतो. त्यामुळे नाक, हनुवटी, भुवई, कुबड अशा दोन-चार खुणांवर सगळा स्वभाव उभा करावा लागतो. बाहुली शेवटच्या रांगेतून ओळखू यावी लागते आणि चित्र सुमार छपाईतही वाचता यावे लागते. बाहुलीकार ठरीव चेहऱ्यावर मात करतो ती मानेच्या कलाने. डोके थोडे झुकवले की भुवईची सावली डोळ्यांवर पडते आणि तोच चेहरा खिन्न किंवा कपटी दिसू लागतो. डोळ्यांच्या बाबतीत मात्र दोघांचे तंत्र जवळजवळ एकच आहे. बुबुळे डोळ्यांच्या ऐन मध्यावर काढली तर नजर शून्यात जाते; ती किंचित नाकाच्या बाजूला सरकवली की पात्र समोरच्याकडे रोखून पाहते आहे असे वाटते. अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सन (१९३६–९०) आणि त्यांचे सहकारी डॉन सालिन यांनी बुबुळांच्या या जागेचा फार काटेकोर विचार केला होता. हेन्सन तरुणपणी व्यंगचित्रे काढत असत, ही बाब येथे महत्त्वाची आहे.

संवादांची सोय दोन्हींकडे निराळी आहे. इंग्लंडमधील पंच या हातबाहुलीचा चिरका आवाज, खेळ करणाऱ्याने तोंडात धरलेल्या छोट्या पत्रीच्या साधनातून निघतो. त्यात शब्द स्पष्ट फुटत नाहीत, म्हणून पूर्वी मंचाबाहेर उभा असलेला साथीदार पंचची वाक्ये प्रश्नांच्या रूपाने पुन्हा उच्चारीत असे. राजस्थानी कठपुतळीच्या खेळातही असे साधन आणि बाहेरून बोलणारा साथीदार आढळतो. व्यंगचित्राखालच्या ओळीचे काम येथे जिवंत माणूस करतो.

पंच : इटलीतील पुलचिनेला या पात्रापासून पंच निघाला, याविषयी फारसे दुमत नाही. लंडनच्या कॉव्हेंट गार्डन भागात इटालियन बाहुल्यांचा खेळ पाहिल्याची नोंद सॅम्युएल पीप्स यांनी ९ मे १६६२ रोजी आपल्या रोजनिशीत केली आहे. त्या वेळी बाहुल्या बहुधा दोऱ्यांच्या होत्या. हातबाहुलीचे रूप अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाले असावे. वाद आहे तो संहितेचा. पंचच्या खेळाची सर्वांत प्रसिद्ध संहिता १८२८ मध्ये छापली गेली. ती जॉन पेन कॉलियर या इंग्रज साहित्याभ्यासकाने जोव्हान्नी पिच्चीनी या वृद्ध इटालियन कलावंताच्या खेळावरून लिहून घेतली, असे सांगितले जाते. चित्रे जॉर्ज क्रूकशँक (१७९२–१८७८) या आघाडीच्या व्यंगचित्रकाराची होती. क्रूकशँक यांनी पुढे दिलेल्या हकिकतीनुसार, रंगलेल्या प्रसंगी खेळ मध्येच थांबवला जाई, बाहुल्या त्याच स्थितीत धरून ठेवल्या जात आणि तेवढ्यात ते रेखाटन उरकत. कॉलियर संवाद टिपून घेत. पुढे शेक्सपिअरविषयक कागदपत्रांत कॉलियर यांनी बनावट मजकूर घुसडल्याचे उघड झाल्याने या संहितेवरही संशय घेतला जातो. तिच्यातील काही पदे व प्रसंग त्यांनी स्वतः रचले असावेत, असे मानण्याकडे अभ्यासकांचा कल आहे आणि तो योग्य वाटतो. चित्रांची विश्वसनीयता त्या मानाने अधिक आहे. शिवाय वाहता खेळ थांबवून त्यातले नेमके क्षण निवडणे ही पद्धत चित्रमालिकेच्या जवळची आहे. संहितेच्या वादात याकडे दुर्लक्ष झाले आहे.

जुलै १८४१ मध्ये लंडनमध्ये सुरू झालेल्या विनोदी साप्ताहिकाने पंचचेच नाव घेतले. राजकीय विनोदी चित्राला ‘कार्टून’ म्हणण्याचा प्रघात या साप्ताहिकातील जॉन लीच यांच्या १८४३ च्या चित्रापासून पडला. रिचर्ड डॉयल यांनी काढलेले मुखपृष्ठ १८४९ पासून शंभरहून अधिक वर्षे वापरात होते. त्यात, एरवी सोटा घेऊन बायकोला, शिपायाला आणि सैतानाला बडवणारा पंच चित्रकाराच्या भूमिकेत बसलेला दिसतो आणि चित्रफलकावर ब्रिटिश सिंह आहे. रस्त्यावरच्या खेळातील हिंसा येथे गाळली गेली आहे, पण अधिकाऱ्याची टर उडवण्याचा परवाना तेवढा कायम राहिला. भारतात ‘पारसी पंच’, ‘अवध पंच’, ‘हिंदी पंच’ या नियतकालिकांनी हेच नाव उचलले. त्यांचा आदर्श मात्र लंडनचे साप्ताहिक होते, बाहुली नव्हे.

कारागोझ : कारागोझ या मुख्य पात्राच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुर्की छायानाट्याचा उगम वादग्रस्त आहे. बुर्सा येथील मशिदीच्या बांधकामावर थट्टामस्करीमुळे काम खोळंबविणाऱ्या कारागोझ व हाजिवात या दोन कामगारांना ओरहान सुलतानाने (चौदावे शतक) मारविले, ही लोककथा सर्वपरिचित असली तरी तिला समकालीन आधार नाही. जावा, चीन, मध्य आशिया असे निरनिराळे उगम सुचविले गेले आहेत. इजिप्तमधून ही कला आली हे मत अधिक ग्राह्य धरले जाते. त्याचा आधार इब्न इयास या समकालीन इतिवृत्तकाराच्या लेखनात आहे. १५१७ मध्ये कैरो जिंकल्यावर तुर्की सुलतान सलीमने छायानाट्य पाहिले. त्यात इजिप्तचा अखेरचा मामलुक सुलतान तुमानबाय याच्या फाशीचा प्रसंग दाखवला होता, दोर दोनदा तुटल्याच्या तपशिलासह. खूश झालेल्या सलीमने कलावंताला बक्षीस दिले आणि आपल्या मुलाला खेळ दाखवता यावा म्हणून इस्तंबूलला येण्यास सांगितले. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने उगमापेक्षा हा तपशील मोलाचा आहे, कारण नुकत्याच घडलेल्या राजकीय घटनेचे चित्रण छायाबाहुल्यांनी केल्याचा हा बऱ्यापैकी जुना पुरावा ठरतो. हे चित्रण जेत्याला रुचणारे होते, याचाही विसर पडू नये.

कारागोझची आकृती उंटाच्या कातड्याची, रंगीत आणि बाजूने दिसणारी असते. एकच मोठा डोळा व काळी गोल दाढी एवढ्यावर ती ओळखता येते. अशी आकृती छापील पानावर सहज उतरते. तेओदोर कासाप यांनी इस्तंबूलमध्ये १८७३ साली सुरू केलेल्या ‘हयाल’ या पत्राचे नावच छायानाट्याशी निगडित होते. ‘कायद्याच्या मर्यादेत वृत्तपत्रे मुक्त आहेत’ असे कलम १८७६ च्या तुर्की राज्यघटनेत आले. त्यावर १८७७ मध्ये ‘हयाल’ने चित्र छापले : कारागोझचे हातपाय साखळदंडांनी जखडलेले आहेत. ‘ही काय दशा?’ असे हाजिवात विचारतो. कारागोझ उत्तरतो, ‘कायद्याच्या मर्यादेतले स्वातंत्र्य.’ मंचावरची प्रश्नोत्तरांची जोडगोळी जशीच्या तशी चौकटीत आली आहे. कासाप यांना या चित्राबद्दल कारावासाची शिक्षा झाली. १९०८ च्या क्रांतीनंतर ‘कारागोझ’ याच नावाचे विनोदी पत्र निघाले व ते दीर्घकाळ चालले.

फ्रान्समध्ये संबंध अधिक गुंतागुंतीचा आहे. ओनोरे दोमिए (१८०८–७९) यांनी प्रकाशक शार्ल फिलिपाँ यांच्या सांगण्यावरून संसद सदस्यांचे छोटे, रंगवलेले मातीचे अर्धपुतळे घडवले आणि ते समोर ठेवून शिळाछापाची व्यंगचित्रे काढली. त्यांचा काळ साधारण १८३१ ते १८३५ असा धरतात. प्रत्येक पुतळ्याचा क्रम निश्चित करणे कठीण आहे. ३६ पुतळे शिल्लक असून ते पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत. हे पुतळे हलत नसत, म्हणून त्यांना बाहुल्या म्हणता येणार नाही. तथापि अर्कचित्राला घनरूप देण्याचा हा पद्धतशीर प्रयत्न होता. पॅरिसच्या ‘शा न्वार’ या मद्यगृहातील छायारंगमंच (१८८६–९७) आंरी रिव्हिएर यांनी चालवला. तेथे कारां दाश या व्यंगचित्रकाराने जस्ताच्या पत्र्यातून कापलेल्या आकृतींनी नेपोलियनच्या मोहिमा दाखवल्या. मागच्या रांगांतील सैनिक लहान होत गेल्याने सपाट पडद्यावर खोली निर्माण होई. निःशब्द चित्रमालिकांबद्दल याच चित्रकाराची ख्याती आहे. जर्मनीत म्यूनिकचे फ्रान्झ फोन पोच्ची (१८०७–७६) ‘फ्लीगेंडे ब्लेटर’ या विनोदी पत्रासाठी चित्रे काढत आणि १८५८ मध्ये तेथे उघडलेल्या कळसूत्री रंगमंचासाठी कास्परल या विनोदी पात्राची नाटुकलीही लिहीत.

उलटा प्रवाह : पीटर फ्लक आणि रॉजर लॉ हे ब्रिटिश व्यंगचित्रकार नियतकालिकांसाठी मातीची अर्कशिल्पे घडवून त्यांची छायाचित्रे छापत. फेब्रुवारी १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘स्पिटिंग इमेज’ या दूरचित्रवाणी मालिकेसाठी (१९९६ पर्यंत) त्यांनी याच पद्धतीला हालचालीची जोड दिली. रेखाटन, त्यावरून मातीचे डोके, त्याचा प्लास्टरचा साचा आणि साच्यात भट्टीत भाजलेले फेसाळ रबर, असा क्रम असे. छापील अर्कचित्रात खपून जाणारी अतिशयोक्ती येथे अडचणीची ठरते : हनुवटी फार लांबवली की जबडा चालवणारा हात पोचत नाही. फ्रान्समध्ये १९८८ पासून ‘ले गिन्योल द लँफो’ आणि रशियात १९९४ पासून ‘कुक्ली’ या अशाच बाहुल्यांच्या उपहासात्मक मालिका निघाल्या. केनियात गाडो यांनी २००९ मध्ये ‘द एक्सवायझेड शो’ सुरू केला. दक्षिण आफ्रिकेचे झॅपिरो त्याच सुमारास अशा उपक्रमात होते. दोघेही दैनिकांतील व्यंगचित्रकार आहेत.

या प्रकारच्या बाहुल्या टिकाऊ नसतात. फेसाळ रबर काही वर्षांत भुसभुशीत होते, त्यामुळे मूळ रेखाटने व साचे यांनाच अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक महत्त्व आहे. दोमिए यांचे न भाजलेले पुतळेही तडकले व डागडुजीने बदलले. विसाव्या शतकात त्यांवरून काढलेल्या ब्राँझ प्रतींची मूळ आकाराशी तुलना करताना ही डागडुजी ध्यानात घ्यावी लागते.