फोटो हललाय, फोकस गेलेला नाही

दिवाळीचे फोटो कॅमेऱ्यातून लॅपटॉपवर उतरवले की आमच्याकडे कुणीतरी चौथ्या-पाचव्या फोटोलाच म्हणतं, "फोकस गेलाय गं." पाठोपाठ, "टाकून दे ते डबडं." डबडं म्हणजे माझा कॅनन पॉवरशॉट ए४८०. २००९ सालचा, १० मेगापिक्सेलचा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा. डबडं म्हणा हवं तर, पण फोकस गेलेला नसतो, फोटो हललेला असतो. दोन्हींना 'ब्लर' हा एकच शब्द लावायची सवय लागल्यामुळे लोक दुखणं एक आणि औषध दुसरंच घेत बसतात.

फोकस म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत आहे. भिंगानं अंतर चुकीचं धरलं, समोरच्या करंजीऐवजी मागचा तांब्या लख्ख आला, की फोकस चुकला. यापलीकडे त्यात काही नाही.

हलण्याची गोष्ट वेगळी. अंतर बरोबर धरलेलं असतं, पण शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, उघडं असताना कॅमेरा जरासा सरकतो. "माझा हात अगदी स्थिर होता" हे मला सांगू नका. बटण दाबणारं बोटच कॅमेऱ्याला खाली ढकलत असतं.

ओळखायला दिवाळीचे फोटो फार सोयीचे. फोटो पूर्ण मोठा करा आणि एखादा दिवा शोधा. फोटो हललेला असेल तर माळेतल्या प्रत्येक दिव्याची रेघ ओढलेली दिसते, आणि सगळ्या रेघा एकाच दिशेच्या, एकाच वळणाच्या. फोकस चुकलेला असेल तर दिव्याचा ठिपका फुगून गोल चकती होते आणि बहुतेक वेळा त्याच फोटोत पुढे किंवा मागे एखादी वस्तू स्वच्छ दिसते. दिवे नसतील तर साडीचे काठ पाहा. हललेल्या फोटोत काठ दुहेरी होतो, फोकस चुकल्यावर तो नुसता मऊ पडतो. (तोरण स्पष्ट आणि फक्त पोरगं पुसट असेल तर ते पोरगं हललंय. त्याला शटर जलद लागतं, तुमचा हात कितीही स्थिर असला तरी उपयोग नाही.)

एवढं बघायचाही कंटाळा असेल, तर लॅपटॉपवर फोटोची माहिती उघडा आणि शटरचा आकडा, म्हणजे ते किती सेकंद उघडं होतं, तो वाचा. तिथे १/८ दिसलं तर फोकसवर संशय घेण्याआधी स्वतःच्या हातावर घ्या. १/२५० दिसलं तर फोकसची चौकशी करा.

आता मुख्य मुद्दा. या छोट्या कॅमेऱ्यांत फोकस चुकवणं तसं अवघडच असतं. सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, जेमतेम ६ मिलिमीटर रुंद, आणि झूम न करता भिंगाची खरी फोकल लांबी (भिंग किती जवळ ओढून दाखवतं त्याचं माप) साधारण साडेसहा मिलिमीटर. एवढ्या लहान भिंगानं ३ मीटरवर फोकस धरला, तर सुमारे दीड मीटरपासून पार क्षितिजापर्यंतचं सगळं कामापुरतं स्पष्ट येतं. म्हणजे हॉलमध्ये बसलेल्या सगळ्या मावश्या, त्यांच्या मागचं कपाट आणि कपाटावरची सूटकेससुद्धा. फोकस खरा चुकतो तो वस्तू फार जवळ असली आणि जवळच्या फोटोसाठीचं फुलाच्या चिन्हाचं बटण दाबायचं राहिलं तर, खिडकीच्या गजांमधून काढताना, किंवा झूम करून.

उजेडाचा हिशेब मात्र या कॅमेऱ्यांच्या विरुद्ध जातो. एका ट्यूबलाइटच्या खोलीत, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) २०० आणि भिंग एफ/३ वर, म्हणजे पूर्ण उघडं, असताना शटर सहज १/१५ सेकंदावर येतं. हातात धरून निदान १/४० तरी हवं. ए४८० मध्ये हलणं सावरणारी यंत्रणा नाही, त्यामुळे ही तूट हातानंच भरून काढायची. त्यात कुणीतरी झूम करतं. झूम टोकाला नेला की भिंग एफ/५.८ होतं, म्हणजे उजेड जवळपास चौथा हिस्सा उरतो. शटर १/४ सेकंदावर घसरतं आणि तिकडे झूममुळे हलणंही मोठं दिसतं, म्हणून १/१२५ ची गरज पडते. संध्याकाळी घरात झूमला हात लावू नका. दोन पावलं पुढे जा, पाय दिलेत देवानं.

म्हणूनच प्रत्येक पुसट फोटोवर "शटर आधी अर्धं दाबा" असा सल्ला देणाऱ्यांचा मला वैताग येतो. अर्धं दाबल्यानं फोकस धरला जातो. हिरवी चौकट आली म्हणजे अंतर पक्कं झालं, बस. ती चौकट तुमचा हात धरत नाही. तेव्हाच पडद्यावर हलत्या कॅमेऱ्याचं चिन्ह लुकलुकतं, त्याकडे मात्र कुणी ढुंकून पाहत नाही. सांगायचं ते सगळं कॅमेऱ्यानं तिथेच सांगितलेलं असतं.

हलण्यावर उपाय म्हणजे कोपरं बरगडीला टेकवा, खांदा दाराच्या चौकटीला लावा, आयएसओ ४०० करा. दाणे दिसतील, दिसू देत. रेघांपेक्षा दाणे केव्हाही बरे. फ्लॅशनं हलणं थांबतं हे खरं, पण पणत्यांचा सगळा उजेड मरतो आणि चेहरे पिठात बुडवल्यासारखे येतात. मी तो बंदच ठेवते.

सगळंच दुधाळ दिसत असेल, तर भिंगावर बोटाचा तेलकट डाग आहे. मऊ कपड्यानं पुसा. तरीही गेलं नाही, तर पावसाळ्यात आत बुरशी धरली असेल, तिथे मग माझा इलाज चालत नाही.

रांगोळी आणि पणत्यांचा फोटो मी चकलीच्या डब्यावर कॅमेरा ठेवून, दोन सेकंदांचा टायमर लावून काढते. यंदा तो १/२ सेकंदाचा आला. ज्योती थोड्या हलल्यात, रांगोळीचे ठिपके जागच्या जागी आहेत. "हा नवीन मोबाइलवर काढला का गं?" असं मावशीनं विचारलं.