वाचणं आणि लिहिणं यांच्या मधला क्षण

'आपण 412वे वाचक आहात' अशी ओळ एखाद्या वेबपानाच्या तळाशी असते. ती चालवायला लागते एक साधी टेक्स्ट फाइल, जिच्यात फक्त एक संख्या लिहिलेली आहे. कोणी पान उघडलं की प्रोग्रामने फाइल वाचायची, संख्येत एक मिळवायचा आणि नवी संख्या परत लिहायची. पीएचपी या वेबपानांसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत हे तीन-चार ओळींत होतं. मात्र या तीन-चार ओळींत संगणकशास्त्रातला एक मूलभूत प्रश्न दडलेला आहे आणि शिकवताना बहुतेक वेळा तो वगळला जातो, याची मला खंत वाटते.

पीएचपीचा जन्मही अशाच गरजेतून झाला. ग्रीनलंडमध्ये जन्मलेल्या रासमुस लेर्डॉर्फ यांनी 1994 साली सी भाषेत काही छोटे प्रोग्राम लिहिले. आपला इंटरनेटवरचा बायोडेटा कोण आणि किती जण बघतात, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. 8 जून 1995 रोजी त्यांनी ते 'पर्सनल होम पेज टूल्स' या नावाने सर्वांसाठी खुले केले. आलेल्या वाचकांची नोंद ठेवणं हे या भाषेचं अगदी पहिलं काम होतं.

नवशिक्या हे काम असं करतो: 'फाइल गेट कंटेंट्स' या फंक्शनने मजकूर वाचतो, एक मिळवतो आणि 'फाइल पुट कंटेंट्स'ने परत लिहितो. एकेक वाचक येत असेल तर सगळं सुरळीत चालतं. पण वेब सर्व्हरवर एकच प्रोग्राम रांगेने चालत नसतो. दोन जणांनी एकाच वेळी पान उघडलं तर त्याच प्रोग्रामच्या दोन प्रती शेजारी शेजारी धावतात आणि त्यांना एकमेकींचा पत्ता नसतो. पहिलीने 412 वाचले. तिने 413 लिहिण्याआधीच दुसरीनेही 412 वाचले. दोघींनी 413 लिहिले. वाचक दोन आले, आकडा एकाने वाढला. कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही.

याहून वाईटही घडू शकतं. फाइल लिहिण्यासाठी 'डब्ल्यू' या प्रकारे उघडली की ती त्या क्षणीच रिकामी होते. नवा मजकूर त्यानंतर येतो. मधल्या सूक्ष्म अवधीत दुसऱ्या प्रतीने फाइल वाचली तर तिच्या हाती रिकामी ओळ लागते. रिकाम्या ओळीचं पूर्णांकात रूपांतर केलं की पीएचपी शून्य देते, शून्यात एक मिळवला जातो आणि वर्षभर साठलेला आकडा थेट 1 वर येतो. आकडा मधूनच पहिल्यापासून सुरू झाला, तर हल्लेखोराचा संशय घेण्याआधी ही शक्यता तपासावी.

यावर उपाय म्हणून 'एफलॉक' हे फंक्शन आहे. ते फाइलीला कुलूप लावतं. वाचणाऱ्यांसाठी सामाईक कुलूप असतं, ते अनेकांना एकाच वेळी मिळू शकतं. लिहिणाऱ्यासाठी अनन्य कुलूप असतं, ते एका वेळी एकालाच मिळतं आणि बाकीचे थांबून राहतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र हे कुलूप एसटीच्या सीटवर टाकलेल्या रुमालासारखं आहे. रुमाल मानणाऱ्यांसाठी जागा धरलेली असते, न मानणारा बिनधास्त येऊन बसतो. एखाद्या प्रोग्रामने एफलॉक न विचारताच फाइलीत लिहिलं तर ऑपरेटिंग सिस्टिम त्याला अडवत नाही. म्हणून त्या फाइलीला हात लावणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामने कुलूप पाळायला हवं.

इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. 'फाइल पुट कंटेंट्स'ला अनन्य कुलपाचा पर्याय देता येतो आणि तो दिला की काम सुरक्षित झालं, असं अनेकांना वाटतं. ते कुलूप फक्त लिहिण्यापुरतं असतं. प्रोग्रामच्या दोन्ही प्रतींचं 412 वाचून झालं असेल, तर कुलपामुळे इतकंच होईल की दोघी शिस्तीत, एकीमागून एक, 413 लिहितील. चुकीचा आकडा नीट रांगेने लिहिला गेला! जपायची गोष्ट लिहिणं एवढीच नाही. वाचणं, बेरीज आणि लिहिणं हे तिन्ही मिळून एकच कृती आहे, आणि तिच्या मधे कोणालाही शिरू देता कामा नये. कुलूप वाचण्याच्या आधी लागलं पाहिजे आणि लिहून झाल्यावरच निघालं पाहिजे.

त्यासाठी फाइल 'सी प्लस' या प्रकारे उघडावी. हा प्रकार पीएचपीच्या 5.2.6 आवृत्तीत आला. यात फाइल नसेल तर तयार होते, असेल तर रिकामी होत नाही, आणि वाचता-लिहिता दोन्ही येतं. उघडल्यावर आधी अनन्य कुलूप मिळवायचं, मग संख्या वाचायची. वाचताना फाइलीतला दर्शक, म्हणजे आपण कुठवर पोचलो याची खूण, पुढे सरकलेला असतो, त्याला 'रिवाइंड'ने सुरुवातीला आणायचं, 'एफट्रंकेट'ने जुना मजकूर पुसायचा, नवी संख्या लिहायची. 'एफफ्लश'ने ती ऑपरेटिंग सिस्टिमच्या हवाली करायची आणि मगच कुलूप काढायचं.

पुसण्याची पायरी अनावश्यक वाटते, कारण वाढत जाणारा आकडा जुन्यावर नेहमीच पूर्ण बसतो. पण फाइलीत पुस्तकांच्या शिल्लक प्रती असतील तर? 100 पैकी एक विकली गेली, म्हणून 100 वर 99 लिहिले. शेवटचं शून्य तसंच मागे राहिलं आणि शिल्लक 990 झाली.

याच्या मुळाशी फाइलीचा स्वभाव आहे. आपल्याला फाइलीत ओळी आणि शब्द दिसतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या लेखी ती बाइटांची एक सलग रांग असते. त्या रांगेत मधे जागा करून काही घुसवता येत नाही. आहे त्यावरच लिहिलं जातं. मराठी मजकुरात हे फार लवकर अंगावर येतं. यूटीएफ-8 या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, मात्रा, अनुस्वार, तीन बाइट घेतं. 'पुणे' चार चिन्हांचं, म्हणजे 12 बाइटांचं. 'मुंबई' पाच चिन्हांचं, 15 बाइटांचं. समजा एका ओळीत 'पुणे 9' आहे आणि पुढच्या ओळीत 'नाशिक 4'. 'पुणे'च्या जागी थेट 'मुंबई' लिहिलं तर जादाचे तीन बाइट पुढची मोकळी जागा, 9 हा आकडा आणि ओळ संपल्याची खूण गिळून टाकतात. फाइलीत उरतं 'मुंबईनाशिक 4'. म्हणून मधली एकच ओळ बदलायची असली तरी मजकूर पुन्हा लिहावा लागतो, निदान त्या ओळीपासून पुढचा.

लांबी मोजतानाही हीच काळजी घ्यावी लागते. 'मराठी' या शब्दासाठी 'एसटीआरलेन' हे फंक्शन 15 सांगतं, कारण ते बाइट मोजतं. 'एमबी एसटीआरलेन' 5 सांगतं, कारण ते चिन्हं मोजतं. वाचणाऱ्याला दिसणारी तीन अक्षरं हवी असतील तर 'ग्राफीम एसटीआरलेन' वापरावं लागतं.

कुलपानेही एक धोका टळत नाही. जुना मजकूर पुसून झाला आणि नवा लिहिण्याआधी वीज गेली, तर हाती रिकामी फाइल उरते. मजकूर मोलाचा असेल तर तो आधी शेजारच्या तात्पुरत्या फाइलीत पूर्ण लिहावा आणि मग 'रिनेम'ने तिला मूळ नाव द्यावं. एकाच फाइल सिस्टिमवर, युनिक्सच्या नियमांनुसार, हे नामांतर अखंड असतं: वाचणाऱ्याला एक तर पूर्ण जुनी फाइल मिळते किंवा पूर्ण नवी. लिहिलेलं खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करण्यासाठी पीएचपी 8.1 मध्ये 'एफसिंक' आलं आहे. ते नाव बदलण्याआधी वापरावं. या पद्धतीत कुलपासाठी मात्र वेगळी फाइल ठेवावी, कारण कुलूप नावाला नसतं, त्यामागच्या मूळ फाइलीला असतं, आणि ती तर आपण बदलून टाकतो.

नोंदी खूप होऊन शोध घ्यावा लागला की एसक्यूलाइट या छोटेखानी डेटाबेसकडे वळावं. तिथेही सगळं एकाच फाइलीत असतं, फक्त कुलपांची आणि वीज जाण्याची चिंता दुसऱ्या कोणीतरी फार बारकाईने केलेली आहे.

हे सगळं स्वतः पाहता येतं. वाचक मोजणारा, पण कुलूप नसलेला प्रोग्राम लिहून 'अपाचे बेंच' या सर्व्हरची चाचणी घेणाऱ्या साधनाने त्याच्यावर 1,000 विनंत्या सोडा, एका वेळी 50, आणि मग फाइल उघडा. आकडा हजाराला कमी पडण्याची दाट शक्यता आहे. फक्त ही चाचणी पीएचपीसोबत येणाऱ्या छोट्या सर्व्हरवर घेऊ नका. तो मुळात एका वेळी एकच विनंती हाताळतो, त्यामुळे दोन प्रती एकत्र धावतच नाहीत आणि चुकीचा प्रोग्रामही तिथे बरोबर हजार दाखवतो.