यादीच्या आधी करार होता

३१ डिसेंबरला रात्री पावणेबाराच्या सुमारास आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, साक्षी (देवाचा आलेला अनुभव सांगणं) आवरत्या घेतल्या जातात. "आता आपण गुडघ्यांवर येऊ," पाळकसाहेब म्हणतात. सतरंजीवर शालींची सळसळ होते, लहान मुलं आईच्या मांडीवर केव्हाच झोपलेली असतात, आणि बाराची घंटा होईपर्यंत जो तो मनातल्या मनात देवाशी बोलतो. येत्या वर्षी रोज शास्त्र वाचीन. दशांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देवाला देणं, चुकवणार नाही. भावाशी धरलेला अबोला सोडीन. हे संकल्प आपण इतके एकेकट्यानं करतो की ही रीत मुळात एकट्याची नव्हती, हे ध्यानातच येत नाही.

सुरुवातीच्या शतकांत तर १ जानेवारीला मंडळीत संकल्प नव्हे, उपास असे. रोमी लोकांचा तो खाण्यापिण्याचा, भेटी वाटण्याचा सण. उत्तर आफ्रिकेतले बिशप ऑगस्टीन आपल्या लोकांना सांगत, ते भेटी देतात तर तुम्ही गरिबाला द्या. ते पितात तर तुम्ही उपाशी राहा. ५६७ साली फ्रान्समधल्या तूर इथल्या धर्मसभेनंही या दिवसांत स्तोत्रं आणि विनवण्या करण्याचा नियम घालून दिला. म्हणजे वर्षाचा पहिला दिवस देवासाठी बाजूला काढणं ही जुनीच गोष्ट आहे, आणि ती सगळ्यांनी मिळून करायची होती.

आज आपण जी वॉचनाइट, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीची जागरणाची प्रार्थना, पाळतो, तिच्यामागे इंग्लंडमधले कोळसा खाणकामगार आहेत. ब्रिस्टलजवळच्या किंग्जवूडचे हे लोक पूर्वी शनिवारची रात्र दारूच्या गुत्त्यात काढत. प्रभूकडे वळल्यावर तीच रात्र ते प्रार्थनेत जागवू लागले. हे थांबवा, असं मेथडिस्ट पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांना काहींनी सुचवलं. त्यांनी उलट ते वाढवलं. महिन्यातून एकदा, पौर्णिमेच्या जवळच्या शुक्रवारी जागरण ठरलं, कारण मध्यरात्रीनंतर माणसांना चांदण्यात घरी जाता यावं. भक्तीची आखणी करताना चालत येणाऱ्याच्या वाटेचा विचार केला गेला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

वेस्लींनी दुसरी एक गोष्ट दिली: कराराची उपासना, म्हणजे सगळ्यांनी मिळून स्वतःला देवाच्या हाती सोपवण्याची. ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनमधल्या स्पिटलफील्ड्सच्या फ्रेंच चर्चमध्ये त्यांनी रिचर्ड अॅलीन या सतराव्या शतकातल्या प्युरिटन (कडक आचाराच्या प्रोटेस्टंट) पाळकाच्या शब्दांतला करार वाचून दाखवला आणि सुमारे १,८०० माणसं संमती म्हणून उभी राहिली. पुढे ही उपासना नव्या वर्षाच्या आरंभी होऊ लागली आणि मेथडिस्ट मंडळ्यांत ती आजही होते. त्या प्रार्थनेत 'मी अमुक करीन' याला फारसं स्थान नाही. मी आता माझा नाही, तुझा आहे. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरलेलं ठेव किंवा रिकामं ठेव, असा तिचा भाव आहे. बाजूला ठेवलं जाण्याची तयारी आपल्या किती संकल्पांत असते?

संकल्पांच्या यादीची परंपराही आहे, आणि ती तितकीच मनापासूनची. अमेरिकेतले पाळक जोनाथन एडवर्ड्स यांनी १७२२-२३ मध्ये, विशीच्या उंबरठ्यावर असताना ७० संकल्प लिहिले. देवाच्या मदतीवाचून मला काहीच जमणार नाही, हे त्यांनी आरंभीच नोंदवलं आणि आठवड्यातून एकदा यादी वाचायचं ठरवलं. हेच एडवर्ड्स पुढे माणसं गुलाम म्हणून विकत घेत राहिले. सत्तर ओळींत ते पाप कुठे सापडलं नाही. एकट्यानं स्वतःला तपासायला बसलं की जे सगळ्या शेजाराला योग्य वाटतं ते आपल्यालाही योग्यच दिसतं. ३१ डिसेंबर १८६२ च्या रात्री त्याच देशातले कृष्णवर्णीय ख्रिस्ती लोक चर्चमध्ये आणि घराघरांत जागत बसले होते, कारण दुसऱ्या दिवशी लिंकन यांची गुलाममुक्तीची घोषणा लागू होणार होती. त्यांच्या मंडळ्यांत ते जागरण आजही त्या आठवणीसह होतं.

वर्षभरात शास्त्र वाचून काढण्याचा संकल्प अनेक जण करतात. त्याचं एक प्रसिद्ध वेळापत्रक स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले पाळक रॉबर्ट मरे मॅक्शेन यांनी आपल्या मंडळीसाठी १८४२ च्या अखेरीस तयार केलं. जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रं दोनदा. वाचन नुसता रिवाज होईल, ओझं होईल, असा इशाराही त्यांनी सोबतच दिला. मार्च १८४३ मध्ये, वयाच्या २९ व्या वर्षी, ते वारले. वेळापत्रकाचं पहिलं वर्ष मंडळीनं त्यांच्यावाचून पुरं केलं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आपल्याकडे अनेक मंडळ्यांत प्रार्थना सप्ताह असतो. त्याची हाक तर भारतातूनच गेली. १८५८ साली लुधियानाच्या प्रेस्बिटेरियन (एका प्रोटेस्टंट पंथाच्या) मिशनऱ्यांनी जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केलं की जानेवारी १८६० मधला एक आठवडा सर्वांनी मिळून प्रार्थनेला द्यावा. लंडनच्या इव्हँजेलिकल अलायन्स या ख्रिस्ती संघटनेनं ते उचलून धरलं आणि दरवर्षीची रीत पडली.

आणि पुणे जिल्ह्यातलं केडगाव. जानेवारी १९०५ मध्ये मुक्ती मिशन या निराधार स्त्रिया-मुलींच्या आश्रमात पंडिता रमाबाईंनी मुलींना विचारलं, रोज माझ्याबरोबर प्रार्थनेला कोण येईल? सुमारे ७० जणी पुढे आल्या. जून उजाडेपर्यंत रोज दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० वर गेली होती.