अदृश्य जोडीदाराची ओळख: द्वैती पल्सारांची पार्श्वभूमी

पल्सार म्हणजे ठरावीक अंतराने रेडिओ स्पंदने पाठवणारा, वेगाने फिरणारा न्यूट्रॉन तारा, अर्थात स्फोट झालेल्या ताऱ्याचा अतिघन गाभा. दुसऱ्या ताऱ्यासह एकमेकांभोवती फिरणाऱ्या अशा द्वैती पल्सारांच्या अभ्यासात जोडीदार न्यूट्रॉन ताराच आहे हे ठरवणे आजही सर्वांत वादाचे आहे. १९७४ मध्ये पोर्तो रिकोतील आरेसिबोच्या दुर्बिणीतून पहिली जोडी सापडली तेव्हा ५९ मिलिसेकंदांचा स्पंदनकाल दर मोजणीला बदलत होता आणि दोष गणनेत असावा अशी शंका आली. लागोपाठच्या दोन दिवसांचे आलेख ताडून पाहिल्यावर मात्र स्पंदनकालाचा तोच उतार ४५ मिनिटे अलीकडे सरकलेला दिसला, कारण पावणेआठ तासांच्या कक्षेच्या तीन फेऱ्या सव्वातेवीस तासांत पुऱ्या होतात. कक्षेचा अक्ष वर्षाला ४.२ अंशांनी वळतो, त्यावरून एकूण वस्तुमान मिळाले. प्रत्येक ताऱ्याचे वस्तुमान पुढे सूर्याच्या सुमारे १.४ पट ठरले. कक्षाकालाची घट सापेक्षतावादाशी जुळली आणि १९९३ चे नोबेल या शोधाला मिळाले.

जोडीदाराची स्पंदने मात्र कधीच टिपता आली नाहीत. जड श्वेत बटूचे, म्हणजे स्फोट न होता विझलेल्या ताऱ्याच्या दाट गाभ्याचे, वस्तुमानही सूर्याच्या १.४ पटीच्या जवळ जाऊ शकते. म्हणून युक्तिवादाचा भार ०.६२ या विमध्यतेवर, म्हणजे कक्षेच्या लांबटपणावर (वर्तुळासाठी तो शून्य), पडला. पल्सार जोडीदाराचे द्रव्य ओढून फिरण्याचा वेग घेतो तेव्हा कक्षा वर्तुळाकार होते. पुढे जोडीदाराचा स्फोट झाला तरच ती लांबट होते, श्वेत बटू शांतपणे बनला तर नाही. युक्तिवाद पटतो, पण जोडी एकाकी, म्हणजे इतर ताऱ्यांच्या ढवळाढवळीविना, वाढली हे त्यात गृहीत धरलेले आहे.

ते गृहीतक कुठे कोसळते हे नारायणगावजवळच्या खोडद येथील रेडिओ दुर्बिणीने दाखवले. २००४ मध्ये जाहीर झालेला तिचा ५ मिलिसेकंदांचा पल्सार कपोत तारकासमूहातील एनजीसी १८५१ या गोलाकार गुच्छात, म्हणजे ताऱ्यांच्या दाट गोल समूहात, आहे. पन्हाळ्यावरून डिसेंबरच्या मध्यरात्री हा गुच्छ दक्षिणेला सुमारे ३३ अंशांवर येतो आणि लहान दुर्बिणीतूनही दिसतो. पल्सारची कक्षा १८.८ दिवसांची, विमध्यता ०.८९. पण गुच्छाच्या दाटीत ताऱ्यांची अदलाबदल होत असल्याने येथे लांबट कक्षेवरून काहीच सिद्ध होत नाही. २०१९ च्या मोजणीत जोडीदाराचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे १.२ पट निघाले. तो न्यूट्रॉन तारा असू शकतो, जड श्वेत बटूही. अशा जोडीला द्वि-न्यूट्रॉन ताऱ्यांच्या यादीत बसवण्याची घाई मला योग्य वाटत नाही.

२००३ मध्ये ऑस्ट्रेलियातील पार्क्स येथे सापडलेल्या जोडीत हा प्रश्नच उरला नाही, कारण तिचे दोन्ही तारे स्पंदताना दिसले. त्यातल्या संथ ताऱ्याचा झोत २००८ मध्ये पृथ्वीच्या दिशेपासून वळला, तोवर पुरावा हाती आला होता. १७ ऑगस्ट २०१७ रोजी विलीन होणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या जोडीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाशकालातले तरंग, आल्या आणि १.७ सेकंदांनी गॅमा किरण. २०१९ मधील एकूण ३.४ सौर वस्तुमानांच्या टकरीत मात्र प्रकाश सापडला नाही आणि दोन्ही न्यूट्रॉन तारेच होते का हा वाद पुन्हा उघडला. २०२४ मध्ये त्याच एनजीसी १८५१ मधील आणखी एका पल्सारचा जोडीदार जाहीर झाला. त्याचे वस्तुमान सूर्याच्या २.०९ ते २.७१ पटींच्या दरम्यान आहे, म्हणजे तो फार जड न्यूट्रॉन तारा किंवा फार हलके कृष्णविवर असू शकतो.