साईटची किल्ली एकाच माणसाकडे का राहिली

कुठल्याही ग्रुपची, मंडळाची, क्लबची साईट बघा, तिच्यामागे एक ठरलेला माणूस असतो. कार्यक्रमाची तारीख बदलली, त्याला सांगा, फोन नंबर चुकलाय, त्याला सांगा, फोटो टाकायचेत, त्यालाच पाठवा. मग तो माणूस कामात अडकतो किंवा नुसताच कंटाळतो आणि साईट तीन वर्षांपूर्वीच्या "आगामी कार्यक्रमा"वर जाऊन बसते ती बसतेच. मी काही वर्षं असा माणूस होतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या शिव्या माहितीयत. "सगळ्यांनाच आपापलं बदलू द्या ना" ही मागणी आजची वाटते, पण खरं तर सुरुवात तशीच झाली होती, कुलूप नंतर लागलं.

अगदी वेबच्याही आधी, १९७३ मध्ये अमेरिकेत बर्कलीला एका रेकॉर्डच्या दुकानात जिन्याच्या वरच्या टोकाला एक टर्मिनल, म्हणजे दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं टाइप करायचं मशीन, ठेवलं होतं, शेजारीच कागद टाचायचा साधा नोटीस बोर्ड. ह्या प्रकाराचं नाव कम्युनिटी मेमरी. येणारा कुणीही त्यावर आपला मजकूर घालायचा नाहीतर दुसऱ्याचा शोधायचा, बस. मशीन इतकं खडखड करायचं की आवाज दाबायला त्यावर पुठ्ठ्याचं खोकं घातलेलं. लोक घाबरतील म्हणून मदतीला एक जण शेजारी बसायचा, हे मला फार आवडतं, कारण पुढच्या पन्नास वर्षांत सॉफ्टवेअर कितीही सोपं झालं तरी शेजारी बसणारा माणूस काही कुणाला पुरवता आला नाही.

मग वेब. टिम बर्नर्स ली ह्यांनी १९८९ मध्ये सर्न ह्या युरोपातल्या संशोधन संस्थेत वेबचा प्रस्ताव मांडला आणि १९९० च्या शेवटी पहिला ब्राउझर लिहिला, तो नुसता वाचायचा नव्हता, त्यातच पान बदलताही यायचं. आता खरं सांगायचं तर बदल फक्त आपल्या हाताशी असलेल्या फायलींमध्येच व्हायचा, दूरच्या सर्व्हरवर (साईट जिथे साठवलेली असते त्या कॉम्प्युटरवर) थेट सेव्ह करायची सोय अजून झाली नव्हती, पण कल्पना तीच होती, वाचणारा आणि लिहिणारा एकच. अडचण एवढीच की तो ब्राउझर नेक्स्ट नावाच्या महागड्या मशीनवरच चालायचा. बाकीच्यांसाठी १९९१ मध्ये लाइन मोड ब्राउझर आला, तो कुठल्याही टर्मिनलवर चालायचा पण फक्त वाचण्यापुरता. १९९३ मध्ये मोझेइक आला, चित्रंबित्रं दिसायला लागली, वेब घराघरात जायला लागलं, आणि त्यातही पान बदलायची सोय नव्हती. म्हणजे कुणी ठरवून लोकांचा हात धरला असं नाही झालं, आधी वाचायचं तरी जमू दे, लिहायचं मागाहून बघू, असं करत करत लिहायचं राहूनच गेलं.

मग पान सर्व्हरवर चढवायचं कसं? एफटीपीने. हा प्रोटोकॉल, म्हणजे फायली पाठवायची ठरलेली पद्धत, वेबपेक्षा कितीतरी जुना, १९७१ मध्ये अभय भूषण ह्यांनी एमआयटीत असताना लिहिलेला. फाइल इकडून तिकडे न्यायला झकास, पण त्याला कळतं ते फक्त फाइल. पासवर्ड एकच, ज्याच्याकडे तो त्याच्याकडे सगळी साईट. दहा जणांना द्यावा तर दहा जण अख्खी साईट उडवू शकतात. आमच्याकडे दोघांना दिला होता, तर दोघांनी एकाच संध्याकाळी तेच पान उतरवून घेतलं, आपापले बदल केले आणि चढवलं, जो नंतर चढवेल त्याचं राहिलं, आधीच्याचे दोन तास पाण्यात, आणि परत आणायला जुनी प्रत कुठेच नाही. त्या दिवसापासून किल्ली परत एकाकडे. बहुतेक ठिकाणी वेबमास्टर, म्हणजे साईट सांभाळणारा तो एकटा माणूस, असाच तयार झाला असणार, सत्तेच्या हौसेपेक्षा ह्या भीतीने. मधल्या काळात फ्रंटपेज, ड्रीमवीव्हर वगैरे आले, पान बनवणं सोपं झालं, पण चढवणारा हात एकच राहिला.

कोंडी फुटली १९९५ मध्ये. वॉर्ड कनिंगहॅम ह्यांना प्रोग्रामर मंडळींच्या कल्पना एका जागी साठवायच्या होत्या आणि प्रत्येकाचं लिखाण आपण टाकत बसायचं नव्हतं (मला तर हा माणूस इथेच आवडला). २५ मार्चला त्यांनी विकीविकीवेब सुरू केलं, नाव होनोलुलू विमानतळावरच्या शटल बसवरून, हवाईयन भाषेत विकी म्हणजे झटपट. पान उघडा, खाली एडिटची लिंक, बदला, सेव्ह करा, लॉगिन नाही, परवानगी नाही. ऐकणाऱ्याचा पहिला प्रश्न आजही तोच असतो, की कुणी वाट लावली तर? त्यावर त्यांचं उत्तर कुलूप नव्हतं, "अलीकडचे बदल" नावाचं एक पान होतं. कुणी कुठे हात लावला ते सगळ्यांना दिसायचं, दिसलं की कुणीतरी दुरुस्त करायचं. पुढच्या विकींमध्ये (अशा उघड्या साईटना हेच नाव पडलं) प्रत्येक पानाच्या जुन्या प्रती ठेवायची पद्धत आली, आणि खरा फरक मला वाटतं तिथे पडला, कारण बिघडवायला जेवढा वेळ लागतो त्यापेक्षा कमी वेळात ते पूर्ववत करता येत असेल तर दार उघडं ठेवणं परवडतं. आमच्या त्या संध्याकाळी एवढंच हवं होतं.

नुपीडिया आणि विकिपीडियाची गोष्ट बऱ्याच जणांना माहिती असेल. २००० मध्ये नुपीडिया हा ऑनलाइन ज्ञानकोश निघाला, तज्ज्ञांचे लेख, सात टप्प्यांची तपासणी, पहिल्या वर्षात मंजूर झाले २१ लेख. जानेवारी २००१ मध्ये शेजारी विकी उघडलं, तेच विकिपीडिया, तर तिथे वर्षभरात १८ हजारांच्या आसपास.

पण ग्रुपच्या साईटला जवळचा पूर्वज म्हणजे द्रुपल, साईट बनवायचं आणि चालवायचं सॉफ्टवेअर. बेल्जियममधल्या अँटवर्प विद्यापीठाच्या होस्टेलवर काही पोरांनी एक इंटरनेट कनेक्शन वाटून घेतलं होतं, आणि नेट चालू आहे का, आज जेवायला कुठे भेटायचं, असल्या गोष्टी कळवायला द्रीस बायटार्ट ह्याने एक छोटी साईट बनवली. बाहेर पडल्यावरही संपर्क राहावा म्हणून तिला इंटरनेटवर नाव घ्यायचं होतं डॉर्प, डच भाषेत गाव, टाइप करताना चुकून झालं ड्रॉप. त्या साईटमागचं सॉफ्टवेअर २००१ मध्ये द्रुपल नावाने ओपन सोर्स झालं, म्हणजे कुणालाही फुकट वापरायला आणि बदलायला खुलं. पुढे त्यावर मोठमोठ्या संस्थांच्या साईट चालल्या, मूळ गरज मात्र चारचौघांच्या फळ्याची.

२००३ मध्ये वर्डप्रेस हे तसंच सॉफ्टवेअर आलं, आणि २००५ च्या शेवटी त्याच्या २.० मध्ये भूमिका आल्या: ॲडमिन सगळं करतो, एडिटर इतरांचंही बदलतो, ऑथर आपलंच लिहून आपणच पब्लिश करतो, काँट्रिब्युटर लिहितो पण पब्लिशचं बटण त्याच्याकडे नसतं. त्याआधी शून्य ते दहा असे आकडे होते, कुणाला चार द्यायचा आणि कुणाला सात ते देव जाणे. एफटीपीची एकच किल्ली मोडून अशी तिच्या चार-पाच किल्ल्या झाल्या. जुन्या प्रती परत आणायची सोय त्यात २००८ मध्ये आली. आणि लिहायची खिडकी वर्डसारखी दिसू लागली ती ब्राउझरच्या आतच मजकूर बदलता यायला लागला म्हणून, इंटरनेट एक्सप्लोरर ५.५ मध्ये २००० साली ती सोय आली होती. त्याआधी ठळक अक्षरासाठीसुद्धा टॅग, म्हणजे कंसातला कोड, लिहावा लागायचा, सभासद तिथेच पळून जायचे.

सगळं गोडच झालं असं नाही. जून २००५ मध्ये लॉस एंजेलिस टाइम्सने अग्रलेखच वाचकांना एडिट करायला खुला केला, दोन-तीन दिवसांत घाण इतकी आली की बंद करावा लागला. त्याच सुमाराला स्पॅमवाले उघड्या विकींवर लिंका कोंबायला लागले, म्हणून छोट्या ग्रुपांनी एकामागून एक लॉगिन लावलं. कनिंगहॅम ह्यांचं मूळ विकीसुद्धा वीस वर्षांनी, २०१५ च्या सुमाराला, फक्त वाचण्यापुरतं उरलं. मला स्वतःला सभासदांपुरतं लॉगिन ही तडजोड बरीच वाटते, अनोळखी जगासाठी दार उघडं ठेवणं वेगळं आणि आपल्याच चाळीस माणसांसाठी ठेवणं वेगळं.

तंत्राचा प्रश्न मग जवळजवळ संपलाच. राइटली नावाचं ऑनलाइन लिहायचं साधन गूगलने २००६ मध्ये घेतलं, त्यातून डॉक्स, म्हणजे एकाच कागदावर दहा जण एकाच वेळी, ते दोन तास पाण्यात जायचं भयही गेलं. २००८ मध्ये गूगल साईट्स आली, तीही जॉटस्पॉट नावाच्या विकी कंपनीवरून. पण तोपर्यंत लोकांच्या हातात फोन आले, फोनमध्ये ग्रुप आले, आणि ग्रुपवर लिहायला ना लॉगिन लागतं ना भूमिका. आमच्या साईटवर आता सव्वीस जणांना एडिटचा हक्क आहे, मी स्वतः प्रत्येकाला दिलाय. काल तारीख बदलली तेव्हा त्यातल्याच एकाने ग्रुपवर मेसेज टाकला, खाली सहा अंगठे आले, आणि मग मला वेगळा मेसेज, "जरा साईटवर पण टाक ना."