मार बसला नाही तरी ॲट्रॉसिटीचा गुन्हा होतो

"रक्त नाही निघालं, मग कसली ॲट्रॉसिटी?" नाशिकच्या सातपूर-सिडकोकडे हे ऐकून कित्येक जण तक्रारच करत नाहीत. साफ चुकीचं आहे हे! १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यानुसार (अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा) दलित-आदिवासी व्यक्तीला अनुसूचित जाती-जमातीत नसलेल्या कुणी चारचौघांत, नळावर किंवा रिक्षा स्टँडवर, जातीवरून शिवी दिली तरी गुन्हा होतो. (बंद खोलीत, साक्षीदाराविना मात्र हे कलम टिकणं अवघड.) "आधी चौकशी करू" हेही ऐकून घेऊ नका, २०१८ च्या दुरुस्तीनुसार एफआयआरआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही. घटना सातपूरची असली तरी नाशिकरोडला झिरो एफआयआर (हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात घेतली जाणारी एफआयआर) नोंदवता येते. शिवीचे नेमके शब्द जबाबात लिहवून घ्या, संकोच नको. ठाण्यात टाळलं तर लेखी तक्रार पोस्टानं पोलीस आयुक्तांना पाठवा. १४५६६ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.